ओटीतले चार दाणे

लोणंदच्या फलाटावर मला निरोप द्यायला अर्धी पेठ लोटली होती आणि त्यातल्या बहुतेकांना झाशी नेमकी कुठे आहे हे ठाऊक नव्हतं. राणीची झाशी म्हणजे तिकडे वर, हिमालयाच्या वाटेवर कुठेतरी, असा आमच्या आईचा ठाम समज. म्हणून भर वैशाखात तिने माझ्या ट्रंकेत जाड लोकरीचा स्वेटर आणि कानटोपी कोंबली. "उत्तरेत थंडी हाडात शिरते," असं ती शेजारणींना सांगत होती. पॅसेंजरची शिट्टी झाली तशी ती खिडकीशी आली आणि एवढंच म्हणाली, "पोचलीस की पाणी उकळून पी." मी मान हलवली. आम्हा दोघींनाही जे बोलायचं होतं ते हे नव्हतंच.

ते घरातून निघतानाच घडून गेलं होतं. लेक परगावी निघाली की तिची ओटी भरायची, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. आईचा हात सवयीने तांदळाच्या डब्यात गेला, मूठ भरून बाहेरही आला. तेवढ्यात अक्काआत्या म्हणाली, "वहिनी, अगं भान आहे का?" माझा नवरा लग्नाच्या पहिल्याच वर्षी तापाने गेला होता, आणि विधवेची ओटी भरत नाहीत. आईची मूठ हवेतच थांबली आणि तांदूळ परत डब्यात पडले. पत्र्याच्या डब्यात तांदूळ पडल्याचा तो आवाज मला अजून ऐकू येतो. मला अक्काआत्याचा राग आला, आणि आईचा त्याहून जास्त आला, कारण तिने ऐकलं.

हे सगळं आत्ता उकरून काढायचं कारण तुम्हीच आहात. मी लोणंदला येऊन चार दिवस झाले नाहीत तोवर जो भेटतो तो विचारतो, "नलूताई, आता कायमची आलीस ना?" धाकट्या बाळूने माडीवरची खोली रंगवून ठेवली आहे, वहिनीने पडदेसुद्धा माझ्या आवडीच्या निळ्या रंगाचे लावले आहेत. बडोद्याचा दादा आणि दुबईची शालन फोनवरून तेच विचारतात. दारात उभं राहून द्यावं असं हे उत्तर नाही. म्हणून लिहायला बसले आहे.

तर, मी झाशीला उतरले ती भर दुपारी, आणि फलाटावर पाय ठेवताच वाटलं, कुणीतरी भट्टीचं दार उघडलं. ट्रंकेतला स्वेटर आठवून मला एकटीलाच हसू फुटलं. हमाल म्हणाला, "बहनजी, लू चल रही है, कान बाँध लीजिए." तेव्हा कळलं की आईची कानटोपी अगदीच वाया जाणार नव्हती. तिथे उन्हाळ्यात कान बांधतात.

पुण्याला समाजकार्याची पदविका घेतली होती आणि वर्तमानपत्रातली जाहिरात बघून अर्ज केला होता. फसवून नेलेल्या, विकलेल्या मुलींसाठी झाशीत एक घर होतं, तिथे अधीक्षिका हवी होती. भाऊ, म्हणजे आमचे वडील, कांद्याचे अडते. ते म्हणाले, "एवढ्या लांब कशाला?" मी मनात म्हटलं, जिथे कुणी मला 'बिचारी' म्हणणार नाही एवढं लांब. तोंडाने म्हटलं, पगार बरा आहे.

ते घर ओरछा गेटच्या आत, एका गल्लीत होतं. जागा शरयूकाकूंची; त्या स्वतः समोरच्या घरात राहायच्या. काकू तिथल्याच एका जुन्या मराठी घराण्यातल्या. कुणी पूर्वज पूजाअर्चेसाठी पेशव्यांच्या काळात तिकडे गेलेले. यजमान रेल्वेत कारकून. मी त्यांच्या दारात उभी राहिले तर काकू पदर सावरत धावत आल्या. "या, या, नलिनीजी! रस्त्यात काही परेशानी तर नाही ना झाली? आधी सरबत घ्या, मग बाकी बातें." आणि आत वळून सुनेला, "अगं, फडताळातला काचेचा गिलास काढ!" फडताळ हा शब्द मी माझ्या आजीनंतर पहिल्यांदा ऐकला. जो शब्द लोणंदला म्हातारा होऊन मेला, तो झाशीत खुशाल नांदत होता. मला त्या क्षणी फार बरं वाटलं, आणि मग लगेच रडू आलं. काकूंना वाटलं, ऊन लागलं.

बाकी सगळं नवं होतं. भाकरीऐवजी रोटी, चहाऐवजी चाय, नळाला पाणी येईल त्या वेळी. आईला मी पत्रात लिहायची, पाणी उकळून पिते आहे. खरं म्हणजे त्या उन्हाळ्यात पाणी नळातूनच निम्मं उकळून यायचं. पहिल्या दिवाळीपर्यंत मी स्वयंपाकघरात शेंगदाण्याची चटणी रुजवली आणि मुलींनी मला गकरिया भाजायला शिकवलं. गकरिया म्हणजे शेणीच्या निखाऱ्यावर भाजलेले कणकेचे गोळे, वरून तूप. तुम्ही खाल्ले नसतील तर तुमचं नुकसान आहे.

मुलींबद्दल फार सांगणार नाही. कुणाला नोकरीची थाप मारून नेलेलं, कुणाला लग्नाची, कुणाला नात्यातल्याच माणसाने विकलेलं. झाशी मोठं जंक्शन. चारी दिशांच्या गाड्या तिथून जातात, म्हणून या मुलींना न्यायचेही त्याच रस्त्याने आणि सापडायच्याही तिथेच. मी पहिल्याच आठवड्यात सुताराला बोलावून दरवाजाची बाहेरची कडी काढायला लावली आणि आतून बसवली. समितीच्या अध्यक्षीणबाई हादरल्या. "लड़कियाँ भाग जाएँगी, नलिनीजी!" मी म्हटलं, ज्यांना पळायचं त्या पळतील, पण राहतील त्या आपणहून राहतील. एक पळालीसुद्धा. संध्याकाळी परत आली, हातात समोशांचा पुडा घेऊन. म्हणाली, बाजार बघायचा होता. अध्यक्षीणबाईंनीही त्यातला एक समोसा खाल्ला.

दुसरा नियम असा की, आलेल्या मुलीला कुणी काही विचारायचं नाही. भूक लागली का, एवढंच विचारायचं. बाकीचं तिला सांगावंसं वाटेल तेव्हा ती सांगेल.

कुसमा आली ती हिवाळ्याच्या तोंडाशी. रेल्वे पोलिसांतली एक हवालदारीण तिला घेऊन आली. वय अठराच्या आतबाहेर, अंगावर चुरगळलेली जरीची साडी. गरौठ्याच्या पलीकडे तिचं खेडं. तिला एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेत असताना गाडी झाशीला थांबली आणि खिडकीबाहेर चहावाला कुणाला तरी म्हणाला, "काय बिन्नू, चाय पीहो?" काय ताई, चहा घेणार? आपली बोली कानावर पडली आणि ती, सोबतचा माणूस डुलक्या घेत होता तेवढ्यात, उतरली. पुढे काय करायचं ते तिला माहीत नव्हतं. नळाजवळच्या बाकावर बसून राहिली. हे तिने खूप नंतर सांगितलं. तेव्हा ती बोलतच नव्हती.

कडी आतून होती, दार सताड उघडं असायचं, पण कुसमा उंबरा ओलांडायची नाही. बाकीच्या मुली देवळात, बाजारात, किल्ल्यावर जायच्या. ही फक्त गल्लीकडच्या खिडकीशी. शिवणकाम शिकवणाऱ्या बाई यायच्या. अशा घरांतून मुलीला शिवणयंत्रापुढे बसवलं की आपलं काम झालं, असं सगळ्यांना का वाटतं देव जाणे. कुसमाने पहिल्याच दिवशी सुई मोडली आणि दुसऱ्या दिवशी दुसरी. बाई म्हणाल्या, ही मुद्दाम करते. मलाही तसंच वाटलं आणि मी मनातल्या मनात कुसमाची पाठ थोपटली.

तिचं पहिलं वाक्य मी माजघरातून ऐकलं. खिडकीखाली भाजीवाला उभा होता आणि आतून खणखणीत आवाज आला, "काय भैया, भटा दे रए कै सोनो?" वांगी देतोस की सोनं? मी धावत आले. कुसमा गजांना धरून उभी होती आणि तो बिचारा तराजूत वांगी वाढवत होता. त्यानंतर आमच्या घराची भाजी तीच घ्यायची, खिडकीतूनच. भाजीवाले मला सांगायचे, "जिज्जी, इस मौड़ी को अंदर ही रखना, बाहर आई तो हम लुट जाएँगे." मौड़ी म्हणजे पोरगी, जिज्जी म्हणजे ताई. मला सगळी गल्ली तेच म्हणायची.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी कोण? लोणंदच्या अडत्याची मुलगी. शाळा सुटली की कांद्याच्या ढिगावर बसून अभ्यास केलेली. समाजकार्याच्या पदविकेत शिकवलं नव्हतं ते माझ्या हाताला येत होतं. उन्हाळ्यात दोन पोती कांदा घेतला आणि कुसमाला गच्चीवर नेलं. कांद्याची मान दाबून बघायची. ओली असेल तर तो आधी खाऊन टाकायचा. साल सुटू द्यायची नाही. खालून वारा लागला पाहिजे, म्हणून विटा मांडून वर बांबूची तट्टी टाकायची. ती न बोलता सगळं बघायची आणि दुसऱ्या दिवशी मी विसरलेलं मला दाखवायची. सगळ्या गल्लीला कांद्याचा वास सुटला. काकू नाकाला पदर लावून म्हणाल्या, "नलिनीजी, हे घर आहे की मंडी?" पण पावसाळ्यात बाजारातला कांदा सडायला लागला तेव्हा पहिल्यांदा त्याच वाटी घेऊन गच्चीवर आल्या. कुसमाने त्यांनाही घासाघीस केल्याशिवाय दिला नाही. त्या दिवशी मी तिला हसताना पाहिलं.

मध्यंतरी हवालदारणीने तिच्या खेड्यात निरोप पोचवला होता. श्रावण लागला आणि तिची आई आली. वाळलेली, अनवाणी, पदराच्या टोकाला सत्तू बांधलेला. वडील आधीच वारले होते. पोरीला बघून तिने जो हंबरडा फोडला त्याने गल्ली गोळा झाली. या आईलाही खरंच फसवलं गेलं होतं, याची आम्ही पुरती चौकशी केली. गावातल्याच एका बाईने स्थळ आणलं होतं. ती बाई अजून गावात, त्यांच्याच गल्लीत उजळ माथ्याने राहत होती. समितीचं म्हणणं सरळ होतं. आई न्यायला आली आहे, मुलगी घरी जाऊ दे. आणि नाही गेली, तर नियमाप्रमाणे तिला मोठ्या शहरातल्या संस्थेत हलवावं लागेल. ती संस्था मी बघून आले होते. तिथे कड्या बाहेरून होत्या.

मी कुसमाला विचारलं, "जाशील?" ती म्हणाली, "हओ." म्हणजे हो. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, मीसुद्धा. ती रात्री जेवली नाही, हे मी पाहिलं आणि मनाची समजूत घातली की आनंदाने भूक मेली असेल.

सकाळी काकू ताट घेऊन आल्या. लेक सासरी किंवा गावी निघाली की मराठी बाई जे करील तेच त्यांनी केलं. हळदकुंकू, नारळ, हिरवा खण, तांदूळ. "ये बेटा, पदर पसर," म्हणत त्यांनी कुसमाला पाटावर बसवलं. मी सवयीने दोन पावलं मागे सरून दारापाशी उभी राहिले. अशा वेळी माझी जागा तीच, हे मला लोणंदहून ठाऊक होतं. काकूंनी कुंकू लावलं, नारळ ओटीत ठेवला, आणि तांदळाची पहिली ओंजळ पडली मात्र, कुसमा पांढरीफटक झाली. "अब किते भेज रईं हमें?" ती ओरडली. आता कुठे पाठवताय मला? पदर झटकून ती उठली, नारळ गडगडत पायरीपर्यंत गेला, तांदूळ चहूकडे उडाले. ती कोठीच्या खोलीत पळाली आणि आतून कडी लावली.

काकू ताट हातात घेऊन माझ्याकडे वळल्या. "नलिनीजी, मी काय वाईट केलं? देवाशपथ सांगा." मलाही काही कळत नव्हतं. कळलं होतं ते फक्त कुसमाच्या आईला. ती भिंतीला टेकून खाली बसली होती. म्हणाली, "ऊ दिना सोई ऐसई ओली भरी ती." त्या दिवशीही अशीच ओटी भरली होती. तिकडे लग्न ठरलं की नवऱ्याकडचे येऊन मुलीची ओली भरतात. त्या बनावट सासरच्यांनी नारळ, तांदूळ, साडी, सगळं रीतसर केलं होतं, सगळ्या गावादेखत. दुसऱ्या दिवशी गाडीत बसवलं. "हमनेई गीत गाए ते," म्हातारी म्हणाली, गाणी आम्हीच म्हटली होती, आणि पदर तोंडात कोंबून रडली.

ज्या हातांनी आपण आशीर्वाद देतो, तेच हात तिने सौदा करताना पाहिले होते. आम्हा मराठी बायकांना हे सुचणार कुठून? काकूंच्या पाच पिढ्या तिथे गेल्या होत्या, शेजारणींच्या ओल्या त्यांनी डोळ्यांनी पाहिल्या होत्या, तरी स्वतःच्या ताटात त्यांना फक्त माहेरच दिसलं.

मी कोठीच्या दारापाशी जमिनीवर बसले. समजुतीच्या गोष्टी करायला शिकले होते, पण त्यातलं एकही वाक्य तोंडाशी येईना. जे आलं ते लोणंदचं आलं. मी तिला माझ्या तोडक्यामोडक्या बुंदेलीत आईच्या मुठीची गोष्ट सांगितली. म्हटलं, आमच्याकडे लेक निघाली की तिची ओटी भरतात. माझी नाही भरली. नवरा गेलेला म्हणून. तांदूळ परत डब्यात टाकले. मी पुढे म्हटलं, आमच्यात ओटी भरली की त्यातले चार दाणे मुलीने परत घरात टाकायचे असतात. म्हणजे ती तिथे थोडी राहते.

आतून आवाज आला, "लौट के आबे के लाने?" परत येण्यासाठी?

"हो."

"इतै?"

"इतै. इथेच. केव्हाही."

मग तिने विचारलं, "तुमाई काय नईं भरी? तुमने का करो तो?" तुमची का नाही भरली, तुम्ही काय केलं होतं? मला इतक्या वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी म्हटलं, काही नव्हतं केलं. "हमने सोई नईं करो तो," ती म्हणाली. मीही नव्हतं केलं. आणि मग दाराच्या या बाजूला मी आणि त्या बाजूला ती, दोघी मनसोक्त रडलो. काकूंनी ताट खाली ठेवलं आणि त्याही आमच्यात सामील झाल्या.

कडी तिने स्वतः काढली. बाहेर आली, कुणाकडे न बघता खाली बसली आणि उडालेले तांदूळ एकेक दाणा करून वेचायला लागली. तिची आई सरसावली तर म्हणाली, हम बीनहें. मीच वेचीन. सगळे वेचून झाल्यावर सूप घेतलं, पाखडले, धुतले आणि चुलीवर खिचडी टाकली. त्या दुपारी आम्ही सगळ्यांनी तीच खिचडी खाल्ली. अध्यक्षीणबाईसुद्धा आल्या होत्या, त्यांनीही. जेवणं झाल्यावर कुसमाने सांगितलं. ती आईजवळ राहील, पण त्या गावात, त्या बाईच्या गल्लीत नाही. आणि त्या मोठ्या संस्थेत तर नाहीच.

अध्यक्षीणबाई म्हणाल्या, नियम नियम है. तेव्हा शरयूकाकू, ज्या त्यांच्यापुढे कधी आवाज चढवत नसत, त्या कमरेला पदर खोचून उभ्या राहिल्या. "नियम काय आहे? मुलगी आईला सौंपायची, हेच ना? मग सौंपा! आई आमच्या ओसरीत राहते आहे. आजपासून." म्हातारीला तरी हे कुठे माहीत होतं! ती बघतच राहिली. अध्यक्षीणबाईंनी क्षणभर विचार केला, आणि मला वाटतं, खिचडीचाही थोडा उपयोग झाला असावा. म्हणाल्या, "ठीक है. सौंप दी."

संध्याकाळी कुसमा पहिल्यांदा उंबरा ओलांडून बाहेर पडली. काकूंची ओसरी गल्लीच्या पलीकडे, समोरच. पण जाण्याआधी ती स्वयंपाकघरात आली, तांदळाच्या डब्यात स्वतःचा हात घातला, स्वतःच्या पदरात मूठभर तांदूळ घेतले, आणि त्यातले चार दाणे परत डब्यात टाकले. मग माझ्याकडे बघितलं, बरोबर ना, असं. मी मान हलवली.

आमच्या घराची रीत तिथून सुरू झाली. जाणाऱ्या मुलीची ओटी कुणी भरायची नाही. तिने आपली आपण भरायची, हवे तेवढे घ्यायचे, चार दाणे मागे ठेवायचे. परत भेटीला आली की मूठभर तांदूळ डब्यात घालायचे. तो डबा माझ्या डोळ्यांदेखत कधी रिकामा झाला नाही. सगळ्याच मुलींचं चांगलं झालं असं सांगून तुम्हाला फसवणार नाही. काही पुन्हा त्याच वाटेला ओढल्या गेल्या, काहींचा पत्ताच लागला नाही; त्यांचे दाणे त्याच डब्यात होते. पण बऱ्याचजणी उभ्या राहिल्या. कुणी परिचारिका झाली, कुणी शिंप्याकडे लागली, सुया न मोडता. बुंदेलखंडात श्रावणात लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात. ज्यांना माहेर नव्हतं किंवा असून नको होतं, त्या आमच्या घरी यायच्या. पोरं कडेवर, पिशवीत मूठभर तांदूळ. त्या दिवसांत मला पाय टेकवायला जागा मिळत नसे आणि मी सगळ्यांवर ओरडत असे. तितकी खूष मी वर्षात दुसऱ्या कधीच नसायची.

कुसमाने आधी ओरछा गेटपाशी कांद्याची पाटी मांडली. मग समथरच्या बाजारात गाळा घेतला. शेजारी रामसेवक नावाचा बटाटेवाला होता. त्याला तिने आधी सगळं सांगितलं, काही म्हणजे काही न लपवता, आणि मग म्हटलं, आता विचार काय विचारायचं ते. त्याने विचारलं, कांदा आणि बटाटा एकाच गाळ्यात ठेवला तर बटाटा लवकर खराब होतो म्हणतात, ते खरं का? लग्नात नवऱ्याकडून ओली भरायला कुणी आलं नाही. तिने स्वतःच भरून घेतली. काकू सगळ्यांत मोठ्याने गाणी म्हणत होत्या, मराठी आणि बुंदेली दोन्ही, आणि दोन्ही बेसूर.

आई गेली तेव्हा मी वेळेवर पोचू शकले नाही, हे तुम्हाला माहीत आहे. त्या मुठीबद्दल आम्ही दोघी कधी बोललो नाही. प्रत्येक खेपेला मी निघाले की ती म्हणायची, पाणी उकळून पी. पुढे पुढे मला कळायला लागलं की जे तांदूळ तिला टाकता आले नाहीत, ते ती या वाक्यातून टाकत होती. माझा राग कधी गेला ते मला आठवत नाही, पण गेला.

आता या वेळचं सांगते. मी निवृत्त झाले, काकूंच्याच घरात वर एक खोली घेऊन राहिले. बाळूचा फोन आला, ताई, आता ये. मी सामान बांधलं. खरं सांगते, त्या वेळी मला स्वतःलाच माहीत नव्हतं की जाऊन येते आहे की जाते आहे. झेलम एक्सप्रेस पकडायला स्टेशनवर आले तर कुसमा फलाटावर उभी. समथरहून पहाटेच निघालेली. केस पिकायला लागलेत, अंगाने भरली आहे, आवाज तोच. सोबत कांद्याची पिशवी. मी म्हटलं, "अगं, लोणंदला कांदे नेऊ?" ती म्हणाली, "बताइयो उनखों, हमाए कैसे हैं." त्यांना सांगा, आमचे कसे आहेत. बाळू, तू परवा खाऊन 'कुठला कांदा हा, कुणी आणला' असं विचारलंस ना, तो कुसमाचा.

गाडी लागली. मी डब्याच्या दारापाशी गेले तशी ती म्हणाली, "जिज्जी, पल्लो पसारो." मला आधी कळलंच नाही. पदर पसरा. तिने कनवटीच्या पिशवीतून तांदूळ काढले. माझी नजर आपसूक आजूबाजूला गेली. या वयात, परक्या गावच्या फलाटावर, मी अक्काआत्या कुठे दिसते का ते बघत होते! कुणी नव्हतं. एक हमाल होता, तो बिडी ओढत बाजूला सरकला. कुसमाने मूठ भरली आणि ती कुठेही न थांबता सरळ माझ्या पदरात आली. मग दुसरी, मग तिसरी. तिने एवढ्या वर्षांपूर्वी दाराआडून ऐकलेलं लक्षात ठेवलं होतं. मी फलाटावर लहान मुलीसारखी रडले आणि ती माझ्यावर ओरडली की गाडी सुटेल.

गाडी हलायच्या आत मी पदरातले चार दाणे उचलले आणि तिच्या तळहातावर ठेवले. तिने मूठ मिटली.

तर लोणंदकरांनो, माडीवरची खोली छान आहे, निळे पडदे फार आवडले, आणि दिवाळीपर्यंत मी इथेच आहे, पोटभर भाकरी खाणार आहे. ओटीतले बाकीचे तांदूळ वहिनीने आपल्या डब्यात मिसळले. काल त्यांचाच भात झाला. दिवाळी झाली की मला झाशीच्या गाडीत बसवून द्या. स्वेटर देऊ नका.